कुंदाताईंची फौज

कोण मेलं आणि कोण जगलं याची चौकशी करायला आमच्या कार्यालयात सहसा कुणी येत नाही. आम्ही पुस्तकं छापतो. मुलुंडला एका पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर आमचं कार्यालय आहे. खाली दळण सुरू झालं की वर टेबलं थरथरतात, आणि संध्याकाळी घरी जाताना माझ्या केसांवर बाजरीचा पातळ थर असतो. इथे येतात ती हस्तलिखितं घेऊन आलेली माणसं, किंवा हस्तलिखिताचं काय झालं हे विचारायला आलेली माणसं.

कुंदा वालावलकर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात हस्तलिखित नव्हतं. इस्त्रीची सुती साडी, काखेत पर्स, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "कासम नालबंद जिवंत आहे का?"

मला वाटलं खालच्या गिरणीत कुणी आहे. "कोण कासम?"

"तुमच्याच पुस्तकातला. चौथ्या भागात पुरात वाहून गेला. 'पुन्हा दिसला नाही' असं छापलंय. आणि सहाव्या भागात बसून घोडीला नाल मारतोय. मेला असेल तर सहाव्यात नाल कोण मारतंय, आणि जगला असेल तर वर आला कसा? आमच्या घरात माणूस धड जेवत नाहीये याच्यामुळे."

तेव्हा मला उलगडलं. 'बिनीचे स्वार' ही आमच्या प्रकाशनाची सगळ्यात खपाची मालिका. मराठी फौजेच्या सगळ्यात पुढे चालणाऱ्या तुकडीला बिनी म्हणत. त्या तुकडीतल्या एका घोडदळाच्या पथकाची ही गोष्ट, नऊ जाडजूड भागांत. लेखक विश्वास घारपुरे, मुक्काम बोरिवली. नववा भाग येऊन चार वर्षं झाली होती आणि दहावा, म्हणजे शेवटचा, येत नव्हता. वाचकांचे फोन यायचे ते दहाव्यासाठी. चौथ्या भागातल्या नालबंदासाठी आलेल्या या पहिल्याच.

मी म्हटलं, "लेखकांना विचारून कळवते. नाव आणि नंबर देऊन ठेवा."

"आधी तुझं नाव सांग."

मी सांगितलं.

"गाव?"

"इथेच, मुलुंड."

"ते नव्हे. मूळ गाव."

"राजापूर."

"तक्रार?"

"माझी? माझी काही तक्रार नाही."

"सगळे तसंच म्हणतात," कुंदाताई म्हणाल्या आणि चष्मा चढवून माझ्याकडे नीट बघितलं. "मान दुखते ना? डावीकडे?"

डावीकडेच दुखत होती. पुढे कळलं की कुंदाताईंनी सगळी नोकरी महापालिकेच्या एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर काढली होती. नाव, वय, गाव, तक्रार. समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हे चार प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना पुढचं बोलताच यायचं नाही. रिक्षावाल्यालाही विचारत. एकदा आमच्या मालकांनाही विचारले, आणि मालकांनी चौथ्या प्रश्नाला जे उत्तर द्यायला सुरुवात केली ते तासभर संपेना.

घारपुरे सरांना मी फोन केला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चौथ्यात बुडवला होता का मी त्याला?"

हे उत्तर कुंदाताईंना फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी भांडुपला त्यांच्या घरी गेले. खरं तर ती बाई कोण आहे हे मला बघायचं होतं.

भांडुप पश्चिमेला चढणीवर जुनी चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीपाशी पलंगावर भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, बसलेले. भाऊ कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले. आयुष्यभर त्यांनी दोनच व्यसनं केली, एक गोड खाणं आणि दुसरं वाचन. पहिल्यामुळे साखर वाढली आणि साखरेने दुसऱ्याची वाट लावली. डोळे गेले तेव्हा ते 'बिनीच्या स्वारां'च्या दुसऱ्या भागात अर्ध्यावर होते.

"मी पुस्तक वाचणारी बाई नव्हे," कुंदाताई म्हणाल्या. "मी पुस्तक वाचणाऱ्याची बायको. पण हे नुसते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. म्हटलं, आणा ते, मी वाचते."

तेव्हापासून दुपारी जेवणं झाली की कुंदाताई मोठ्याने वाचत. वाचायची पद्धत खिडकीवर नाव पुकारल्यासारखी, सरळ, चढउतार नाही. लढाई असो की प्रेम, एकच सूर. अडचण एवढीच होती की भाऊंना माणसं लक्षात राहत नसत. मधेच विचारत, "अगो, हो कोण आता?" मग कुंदाताई मागची पानं उलटत. पथकात साठ-सत्तर माणसं, त्यांचे बाप, त्यांच्या घोड्या, दोन सखाराम, तीन बापू. शेवटी कुंदाताईंनी आपल्याला येत होतं ते केलं. प्रत्येकाचा केसपेपर काढला.

तो गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी चहा हातात घेऊन वाचायला लागले आणि चहा गार झाला.

"रायाजी. नायक. वय पहिल्या भागात अठरा, पाचव्यात बावीस, सातव्यात पुन्हा एकवीस. गाव नक्की नाही, नदीकाठी आहे एवढंच. तक्रार: मांडीला भाल्याची जखम. कुठल्या मांडीला, ते भागागणिक बदलतं. स्वभावाने चांगला, पण आईला निरोप पाठवत नाही."

"सखाराम कारकून. ह्याच्यावर विश्वास ठेवू नये. कारण पुढे कळेल."

"बजाबा. तिसऱ्या भागात दोनच पानं आहे. त्याच्यात जीव गुंतवू नये."

"हैबतबाबा. पथकाचा मुख्य. वय सांगत नाही, पण साठीच्या पुढे. तक्रार: गुडघे. बोलतो कमी. ह्याचं ऐकावं."

शब्दांचाही एक भाग होता. 'तोबरा' म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, इथपर्यंत कुठल्याही कोशात सापडेल. कुंदाताईंनी पुढे लिहिलं होतं: "घोड्यांना वेळेवर मिळतो. माणसांच्या जेवणाचा उल्लेख लेखक विसरतो."

मी मालकांना गठ्ठा नेऊन दाखवला. दहावा भाग येत नाही तोवर दुकानात काहीतरी नवीन ठेवायला हवंच होतं. मालक पहिली दहा पानं उभ्यानेच वाचत राहिले आणि म्हणाले, "छापू. मालिकेची सोबतपुस्तिका. फक्त जरा सभ्य करून घ्या."

सभ्य करायचं काम माझं. मी महिनाभर बसून मतं काढली, वाक्यं सरळ केली, वयांचे घोळ गाळले. "रायाजी: मालिकेचा नायक, शिलेदार, स्वभावाने धाडसी." छान स्वच्छ मजकूर झाला. तो घेऊन भांडुपला गेले. कुंदाताईंनी भाऊंना पहिलं पान वाचून दाखवलं, त्याच सरळ सुरात. भाऊ म्हणाले, "ह्यां कोणाचा?"

"आपलंच," कुंदाताई म्हणाल्या. "हिने धुतलंय." मग माझ्याकडे वळल्या. "अगं, ही माणसाची ओळख झाली की हरवल्याची जाहिरात? उंची, रंग, अंगात काय कपडे होते तेवढं राहिलंय बघ."

"कुंदाताई, संदर्भपुस्तकात मत नसतं."

"कोण म्हणतं? मी खिडकीवर होते तेव्हा डॉक्टर पेपर हातात घ्यायच्या आधी मला विचारायचे, बाई, पेशंट कसा आहे? पेपरवर सगळं लिहिलेलं असायचं. तरी विचारायचे."

"वाचकाला स्वतःचं मत बनवू द्यावं."

"बनवू दे की. पण बजाबामध्ये जीव गुंतवून मग दोन पानांत रडत बसला तर कुणी निस्तरायचं? तू?"

तीन वेळा मी भांडुपला गेले. दरवेळी जाताना ठाम असे आणि परतताना डब्यात काळ्या वाटाण्याची उसळ असे. शेवटी तह झाला. शुद्धलेखन माझं, माणसं त्यांची. मालकांना मी सांगितलं की सभ्य केलंय. त्यांनी पुन्हा वाचून पाहिलं आणि सखाराम कारकुनाच्या नोंदीपाशी फक्त हसले.

छापायच्या आधी घारपुरे सरांना दाखवणं भाग होतं. मी त्यांना कुरियरने पाठवलं आणि दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला. "ह्या बाई कुठे राहतात?"

आवाजावरून राग की काय ते कळेना. मी त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं, निदान मधे पडायला कुणी असावं. सर बोरिवलीहून रिक्षाने आरे कॉलनीतून आले. उंच, हडकुळे, पांढरा शर्ट. घोडदळाच्या नऊ भागांचा लेखक म्हणून वाचक मिशा आणि भारदस्त आवाज शोधत. सर बोलत ते शेजारच्याला झोप लागलीय अशा बेताने.

दार उघडल्या उघडल्या कुंदाताईंनी विचारलं, "नाव?"

"विश्वास घारपुरे."

"ते माहीत आहे. सवय हो माझी. तक्रार?"

सर खुर्चीत बसले. गठ्ठा मांडीवर ठेवला. मला वाटलं आता सुरू होणार. सर म्हणाले, "वहिनी, माझी तक्रार अशी आहे, की माझ्या फौजेत आता कोण उरलंय हेच मला आठवत नाही. चार वर्षं मी दहाव्या भागाचं पहिलं प्रकरण लिहितोय. सकाळी घोड्यावर कुणालातरी बसवतो आणि दुपारी शंका येते की ह्याला मी मारला तर नव्हता. मग मागचे भाग काढून वाचायला बसतो, आणि वाचता वाचता स्वतःचाच कंटाळा येतो."

"म्हणजे कासम?" कुंदाताईंनी विचारलं.

"चुकून जगला."

"आणि रायाजीची मांडी?"

"माणसाला दोन असतात," सर शांतपणे म्हणाले. "कधी ही दुखते, कधी ती."

कुंदाताईंनी यावर विचार केला आणि नोंदीत भर घातली: "दोन्ही मांड्या दुखतात." तसंच छापलंय.

तेवढ्यात पलंगावरून भाऊ म्हणाले, "सायबानू, एक विचारू? हैबतबाबाचा पुढे काय होता?"

नवव्या भागाच्या शेवटी हैबतबाबा पथक सोडून घराकडे निघतो. वीस वर्षं घर पाहिलेलं नाही. गुडघे गेलेले, वाटेत परमुलूख. तिथेच तो भाग संपतो, आणि चार वर्षं तो म्हातारा वाटेतच होता.

सर म्हणाले, "ठरलं नाही अजून."

"ठरवा. माका जास्ती वेळ नाय." भाऊ हे अगदी सहज म्हणाले, स्टोअरमधून माल कधी उचलणार असं विचारावं तसं. साखरेने डोळ्यांनंतर किडन्या धरल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं होतं.

सरांनी गठ्ठा उचलला आणि निरोप घेतला. पुढच्या गुरुवारी मात्र ते न बोलावता आले. आणि त्यानंतर दर गुरुवारी.

असा दहावा भाग सुरू झाला, म्हणजे लिहायच्या आधी सांगायला. सर खुर्चीत बसून हळू आवाजात सांगत, भाऊ डोळे मिटून ऐकत, आणि कुंदाताई स्वयंपाकघरातून ऐकत. तिथून ऐकणं हा प्रकार सरांना नवा होता. कढई वाजायची थांबली की समजायचं, काहीतरी चुकलं.

"पथक तीन दिवस अखंड दौडत होतं," सर सांगत.

कढई थांबायची. "कुणी काही खाल्लं का?"

"वहिनी, शत्रू मागावर आहे."

"शत्रूने तरी खाल्लं का?"

मग सर पथकाला एका ओढ्याकाठी उतरवत. भाकऱ्या भाजल्या जात. कांदा फोडला जाई. कढई पुन्हा वाजायला लागली की शत्रू पुढे सरके. दहावा भाग वाचून एका समीक्षकाने लिहिलं की लेखकाने मोहिमेच्या दैनंदिन जीवनाचं आता अधिक सखोल भान दाखवलं आहे. त्या सखोल भानाला आंबोळ्यांचा वास होता, हे मला माहीत आहे. सर पहिल्या गुरुवारी फक्त कोरा चहा घेत. दिवाळीपर्यंत ते आंबोळीवर आले. होळीपर्यंत सुकटीच्या चटणीवर, आणि घरी सांगू नका म्हणाले.

दरम्यान सोबतपुस्तिका छापून आली आणि अपेक्षेपेक्षा जास्त खपली. वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक एकमेकांना तिच्यातल्या ओळी पाठवत. एका नातेवाइकाबद्दल कुणी विचारलं की उत्तर यायचं, "ह्याच्यावर विश्वास ठेवू नये. कारण पुढे कळेल." कुंदाताईंना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, "कुठला नातेवाईक? गाव काय त्याचं?"

पावसाळा सरता सरता भाऊंना इस्पितळात हलवलं. कुंदाताईंच्याच इस्पितळात. त्यांना तिथे सगळे ओळखत होते, त्यामुळे खिडकीवर त्यांना कुणी काही विचारलं नाही. "नुसतं आत जा म्हणाले," त्या मला नंतर म्हणाल्या. "बरं नाही वाटलं गं. निदान नाव तरी विचारायचं."

हैबतबाबा अजून वाटेत होता. सरांनी फोनवर मला विचारलं, भाऊ कसे आहेत. मी सांगितलं ते ऐकून म्हणाले, "आज गुरुवार नाही, पण मी येतो."

आम्ही दोघं वॉर्डात पोचलो तेव्हा भेटीची वेळ सुरू होती. पुरुषांचा मोठा वॉर्ड, दोन्ही बाजूंनी खाटा. भाऊ खूप बारीक झाले होते. सर त्यांच्या उशाशी स्टुलावर बसले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात सांगायला लागले. शेजारच्या खाटेवर नाहूरचा एक रिक्षावाला होता, पायाला प्लास्टर. थोडा वेळ त्याने ऐकलं आणि म्हणाला, "काका, जरा जोरात बोला ना. इथं अर्धंच ऐकू येतंय."

सरांनी आवाज वाढवला. मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या खाटेवरचे एक आजोबा उठून बसले. रिक्षावाल्याने विचारलं, "पण हा हैबत कोण?" तेव्हा कुंदाताईंनी त्याला तिथल्या तिथे, केसपेपरच्या सुरात, नऊ भाग समजावून दिले. कोण कुणाचा, कुणाला काय लागलं, कुणाचं ऐकावं. बजाबाचं नाव त्यांनी घेतलं नाही. आता उगाच कशाला, असं त्या मला हळूच म्हणाल्या.

हैबतबाबा एका घाटाखाली आला. गुडघे चालेनात. घोडी थकलेली, तिच्यावर बसवेना, म्हणून तिला धरून पायी चढू लागला. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. सिस्टर आल्या. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "चला, नातेवाईक बाहेर."

"सिस्टर, म्हातारा घाटात आहे," रिक्षावाला म्हणाला.

सिस्टरांना वाटलं कुणी पेशंट. सगळा खुलासा झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग लवकर चढवा त्याला. मला राउंड आहे." आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

सरांनी त्याला चढवला. वर पोचल्यावर खाली गाव दिसलं. संध्याकाळची वेळ, घराघरांतून धूर निघालेला. उतरून वेशीत आला तर त्याला कुणी ओळखेना. शेवटी घराच्या अंगणात एक म्हातारी धान्य पाखडत होती, तिने मान वर केली आणि म्हणाली, "पाय धुऊन या. ताट वाढते."

एवढं सांगून सर थांबले. भाऊंनी डोळे उघडले, त्यांना दिसत नव्हतं तरी सरांच्या दिशेने वळले.

"घराक पोचलो मां?"

"पोचला, भाऊ."

"बरा झाला," भाऊ म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जेवलो?"

"जेवायला बसला," सर म्हणाले.

भाऊ त्याच आठवड्यात गेले. रिक्षावाला कुबड्या घेऊन तेराव्याला आला होता.

दहावा भाग पुढच्या वर्षी छापून झाला. पहिली प्रत मी कुंदाताईंना पाठवली. पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची होती, दहाव्या भागाची माणसं घालून. आठ दिवसांनी त्या कार्यालयात आल्या. योगायोगाने घारपुरे सर त्या दिवशी आलेले होते. खाली गिरणी चालू होती. कुंदाताई खुर्चीच्या कडेवर बसल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि कुणालाही काही न विचारता सरळ बोलायला लागल्या, तिथेच मला कळलं की मामला गंभीर आहे.

"घाटात मेला," त्या म्हणाल्या.

सरांनी मान खाली घातली.

"गाव दिसलं आणि तिथेच बसला, आणि मेला. घोडी एकटी खाली आली. मी दोनदा वाचलं. मग ह्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"वहिनी..."

"मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलंत?"

मी उठून दार लावून घेतलं. सरांचा आवाज नेहमीचाच हळू होता, आणि गिरणीच्या आवाजात मला जवळ सरकून ऐकावा लागला.

"खोटं नव्हतं हो. त्या दिवशी तो पोचला होता. मी सांगत होतो आणि तो चालत होता, मला दिसत होता. घरी येऊन तसंच लिहायला बसलो, तर चढेना. मी तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा तो वर येऊन बसला. त्याच्याने पुढे जाववेना. भाऊ ऐकत होते तेव्हा गेला. कागदावर कोण ऐकतंय?"

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बसलेलं पीठ कुंदाताईंनी पदराने पुसलं.

"म्हणजे तुमच्या हातात नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

"डॉक्टर पण तेच म्हणतात." हे त्या रागाने म्हणाल्या की समजुतीने, ते मला आजही सांगता येणार नाही. उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून सरांना म्हणाल्या, "गुरुवारी येणार असाल तर आधी कळवा. सुकट आणायला लागते."

नव्या आवृत्तीचा मजकूर त्यांनी महिनाभरात पाठवला. हैबतबाबाची नोंद मी सगळ्यात आधी काढली. जुन्या नोंदीखाली एवढंच वाढवलं होतं: "दहाव्या भागात घाटमाथ्यावर वारल्याचं छापलंय. घरी पोचून जेवायला बसल्याचंही ऐकिवात आहे."

मी फोन केला. "कुंदाताई, हे 'ऐकिवात आहे' कशाच्या आधारावर?"

"मी ऐकलंय. तू ऐकलंयस. वॉर्डात पंधरा माणसं होती. सिस्टर होत्या."

"वाचक विचारतील."

"तर माझा नंबर दे."

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "ते वाक्य काढलंत तर मालिका दुसऱ्या प्रकाशकाकडे नेईन." त्यांनी आयुष्यात दिलेली ही बहुधा एकमेव धमकी. वाक्य छापलं. वाचकांनी विचारलंच. काही जणांनी कुंदाताईंना खरोखर फोन केले, आणि मला जे कळलं त्यावरून त्या प्रत्येकाला सगळा घाट चढवून, पाय धुवायला लावून, ताटावर बसवल्याशिवाय त्यांनी फोन ठेवला नाही.

त्यानंतर त्या लेकीकडे नाहूरला राहायला गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं, भेट राहून जायची.

त्यांना शेवटचं पाहिलं ते लग्नसराईत. संध्याकाळी मी कार्यालयातून निघाले होते. मुलुंडला एका हॉलच्या अलीकडे वरात थांबली होती. नवरदेव अजून गाडीतून उतरला नव्हता, बँडवाले पिपाण्या झटकत होते, आणि रस्त्याच्या कडेला झालर घातलेली पांढरी घोडी उभी होती. तिच्याजवळ कुंदाताई. हातात भाजीची पिशवी, तीतून कोथिंबीर बाहेर आलेली.

मी हाक मारणार होते, पण त्या घोडीवाल्याशी बोलत होत्या.

"पट्टा किती आवळलायस? दम कोंडेल ना तिचा."

"माँजी, रोज का है."

"रोजचं आहे म्हणून आवळायचा? सैल कर."

त्याने एक घर सैल केला. कुंदाताईंनी हात पुढे केला, जरा थांबल्या, आणि मग घोडीच्या मानेवर ठेवला. इतकी वर्षं ज्या जनावरांबरोबर काढली, त्यातल्या एकालाही त्यांनी हात लावला नव्हता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. घोडीने कान हलवला. कुंदाताईंनी हात काढला नाही.

तेवढ्यात नवरदेव चढला आणि बँड एकदम सुरू झाला. घोडी दचकून मागे सरली. घोडीवाल्याने लगाम ओढला, पण ती शांत झाली ती कुंदाताई तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या तेव्हा. बँडमध्ये मला ते ऐकू आलं नाही. मग वरात निघाली, आणि घोडी चालायला लागली तशा मानेवर हात ठेवलेल्या कुंदाताईही चालायला लागल्या. मागे नाचणारी मुलं, दिव्यांच्या छत्र्या, फेटे बांधलेले काका. नवरदेवाला वाटलं असणार त्या मुलीकडच्या. नाचणाऱ्यांना वाटलं नवरदेवाची मावशी. कुणी विचारलं नाही.

हॉलच्या दाराशी मुलीकडच्या बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. पुढे येणारी पहिली बाई कुंदाताईच. एकीने त्यांच्या मनगटावर अत्तर लावलं, दुसरीने गजरा दिला, तिसरीने पेढा भरवला. कुंदाताईंनी पेढा खाल्ला. गजरा मात्र स्वतः माळला नाही. घोडीच्या कपाळपट्टीत खोवला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि आत काय जेवायला आहे ते बघायला गेल्यासारख्या हॉलमध्ये शिरल्या.